एलिआन कुणाचा?

मोटारीच्या चाकातली रबरी ट्यूब तुमच्या ओळखीची असेलच. विहिरीत पोहायला शिकताना ती कमरेला असली की कसा धीर येतो! अशाच एका ट्यूबवर २५ नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडाजवळच्या समुद्रात एक मुलगा तरंगताना सापडला. नाव एलिआन गोन्झालेझ. वय सहालाही थोडे दिवस कमी.

तो क्युबाचा. क्युबा आणि फ्लोरिडा यांच्यामधला समुद्र जेमतेम दीडशे किलोमीटरचा, पण दोन देशांचं वैर चाळीस वर्षांचं. एलिआनचे आईबाबा विभक्त झालेले. बाबांना न सांगताच आई त्याला घेऊन छोट्या बोटीतून अमेरिकेकडे निघाली. बोट बुडाली. आईही गेली. वाचला एलिआन आणि आणखी दोन मोठी माणसं.

मियामीत बाबांचे काका राहत होते, त्यांनी त्याला घरी नेलं. ते म्हणाले, "याच्या आईने जीव गमावून याला इथवर आणलं, हा इथेच राहणार." तिकडे बाबा म्हणत होते, "माझा मुलगा मला द्या." दोन्हीकडे मोर्चे निघाले. पोरगं बिचारं अंगणात खेळतंय आणि बाहेर टीव्हीच्या कॅमेऱ्यांची ही गर्दी!

अमेरिकेत आश्रय मिळावा म्हणून त्याच्या नावाने अर्ज झाले. एका अर्जावर तर खुद्द एलिआनची सही होती. पण सहा वर्षांच्या मुलाला यातलं काय कळणार? त्याच्या वतीने बोलायचा हक्क बाबांचाच, असं सरकारने ठरवलं, आणि पुढे कोर्टानेही ते मान्य केलं. काकांचं घर मात्र ऐकेना. शेवटी २२ एप्रिल २००० च्या पहाटे हत्यारबंद अधिकारी घरात शिरले आणि मुलाला बाबांकडे घेऊन गेले. बंदुका घेऊन मूल आणायची वेळ यावी, हे काही बरं झालं नाही. २८ जूनला बापलेक क्युबाला परतले. हाच एलिआन पुढे इंजिनिअर झाला आणि २०२३ साली क्युबाच्या संसदेत निवडून गेला.

अशा भांडणांसाठी १९८० साली हेग शहरात एक करार झाला होता. क्युबा तेव्हा त्यात नव्हता. करार सांगतो की सोळा वर्षांखालच्या मुलाला आईने किंवा बाबांनी, दुसऱ्याचा हक्क डावलून परदेशी नेलं, तर त्याला आधीच्या देशात परत पाठवायचं. मूल कुणाकडे राहणार हे तिथलं कोर्ट ठरवील. मात्र परत जाण्यात मुलाला मोठा धोका असेल, किंवा समजत्या वयाचं मूलच "नको" म्हणालं, तर कोर्ट नकार देऊ शकतं.

आज शंभरावर देश या करारात आहेत. भारत नाही. समजा, लग्न होऊन परदेशी गेलेली एखादी पुण्याची मुलगी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलासह माहेरी आली. तिलाही मुलाला परत पाठवावं लागलं तर? भारतात करारावर आक्षेप घेतला जातो तो मुख्यतः याच काळजीने. पण दुसरी बाजूही आहे. एखाद्या बापाने आईला फसवून मुलं इकडे आणली, तर त्या आईला इथल्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आपली न्यायालयं अशा वेळी सगळ्यांत आधी मुलाचं हित बघतात. न्यायाधीश पुष्कळदा मुलाला आपल्या खोलीत बोलावतात आणि आईबाबांना बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोलतात. तो काय म्हणतो ते ऐकून घेतात; निकाल मात्र तेच देतात.