मुलींचे गणित कच्चे नसते, कच्चे ठेवले जाते

"मुलींना गणित जमत नाही" आणि "आपल्या पोरांचे डोके गणितात चालत नाही" ही दोन वाक्ये आपल्या वस्त्यांमध्ये आजही ऐकू येतात. दहावीनंतर विज्ञान शाखा नको, स्पर्धा परीक्षा नको, असे निर्णय अनेकदा याच समजुतीवर होतात. म्हणून चाचण्यांचे आकडे काय सांगतात, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

भारतातले चित्र

'असर 2023' या सर्वेक्षणात देशातील 28 ग्रामीण जिल्ह्यांतील 14 ते 18 वयोगटाची चाचणी झाली. महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित 45 टक्के मुलांना आणि 41.8 टक्के मुलींना जमले. प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा वाचण्यात मात्र मुली पुढे होत्या: मुली 76 टक्के, मुले 70.9 टक्के. म्हणजे मुलींची बुद्धी कमी पडते, असे म्हणायला जागा नाही. शिवाय दोघांचा मिळून विचार केला तर 100 पैकी सुमारे 57 जणांना तो भागाकार आलाच नाही. खरे संकट हे आहे.

फरक कधी सुरू होतो?

फ्रान्समध्ये 2018 ते 2022 या काळात पहिलीत आलेल्या 25 लाखांहून अधिक मुलांच्या चाचण्यांचा अभ्यास झाला. तो 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळेत पाऊल ठेवताना मुलगे आणि मुली गणितात जवळपास सारखे होते. चारच महिन्यांत मुलगे पुढे गेले आणि वर्षभरात अंतर वाढले. हा फरक वाढत्या वयाशी नव्हे, तर शाळेत गेलेल्या काळाशी जोडलेला आढळला. जन्मतः असणारी गोष्ट अशी चार महिन्यांत उगवत नाही.

गरिबी आणि जात

'पिसा 2022' या 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत भारत नव्हता. पण तिचा निष्कर्ष आपल्याला उपयोगी आहे. ओईसीडी देशांत गणितातील मुलगे-मुली फरक सरासरी 9 गुणांचा होता. सधन आणि वंचित घरांतील विद्यार्थ्यांमधला फरक होता 93 गुणांचा. जिथे मुलगी आणि गरिबी एकत्र येतात, तिथे दोन्ही ओझी एकाच पाठीवर पडतात.

जातीचे ओझे कसे काम करते, हे कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात केलेल्या प्रयोगातून दिसते. सहावी-सातवीतील मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी सारखीच होती. सर्वांसमोर जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. ही गणिताची परीक्षा नव्हती. पण मूल तेच, कोडे तेच, फक्त त्याला त्याची 'पायरी' आठवून दिली गेली.

आपण काय करू शकतो?

गावात, वस्तीत, विहारात अभ्यासिका असेल तर एका रविवारी साधी तपासणी करा: एक अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. मूल कोणत्या पायरीवर अडते ते लिहून ठेवा. मुलगे आणि मुली यांची नोंद वेगळी करा. मग इयत्तेनुसार नव्हे, अडलेल्या पायरीनुसार गट करा आणि रोज तासभर शिकवा. फळ्यावर गणित सोडवायला मुलींना मुलांइतक्याच वेळा बोलवा. संध्याकाळी स्वयंपाक आणि लहान भावंडे यांत मुलीचा अभ्यास बुडत असेल, तर तिच्या घरी जाऊन आई-वडिलांशी बोला. चुकलेल्या मुलाला हसणाऱ्याला तिथेच थांबवा.

तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा घ्या आणि दोन्ही नोंदी पालकांच्या बैठकीत वाचून दाखवा. "जमत नाही" म्हणणाऱ्यांना त्या नोंदीच उत्तर देतील.