गढूळ पाण्याला ढेप, निवळ पाण्याला चमचा

भाद्रपद सरत आला की धाम नदीच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्यांची संख्या वाढू लागते. पावसाचा जोर ओसरलेला असतो, पण पाणी अजून मातकटच असते. सावंगी, बोरगाव, सिंदी आणि पिपरी ही ‘मेघे’ हे उपपद लावणारी गावे आता वर्धा शहराला इतकी लागून आली आहेत की शहर कोठे संपले हे सांगणे कठीण. पिपरी मेघेतून रविवारी पहाटे येळाकेळीकडे किंवा पवनारकडे निघणाऱ्या हौशी मंडळींत मात्र दोन तट स्पष्ट ओळखू येतात. एकाच्या सायकलला बांबूची काठी बांधलेली असते आणि पिशवीत जेवणाचा डबा. डब्यात भाजी-पोळी नसून मळलेला गोळा असतो. दुसऱ्याच्या पाठीवर घडीची छडी, तिला चक्री, आणि खणाखणांच्या प्लास्टिक पेटीत रंगीबेरंगी बनावट मासे, बेडूक, चकाकणारे चमचे. कोणाचे आमिष सरस, हा वाद दर हंगामात रंगतो. त्याचा निकाल वस्तुतः आमिषाच्या किमतीवर नव्हे, तर पाण्याच्या रंगावर लागतो.

मासा अन्न कसे शोधतो, हे आधी पाहिले पाहिजे. पाणी गढूळ असताना डोळ्यांचा उपयोग थोडा. त्या वेळी रोहू आणि मृगळ यांसारखे मासे वासावर आणि चवीवर विसंबतात. मागूर, शिंगाळा या मिशाळ माशांच्या तर मिशांवरच नव्हे, अंगावरही चव ओळखणाऱ्या पेशी असतात. संपूर्ण शरीर ही त्यांची जीभच म्हणावयाची. कुजत चाललेल्या प्रथिनांतून पाण्यात विरघळणारी अमिनो आम्ले त्यांना दुरून कळतात. दुकानातला चमचा कितीही चकाकला, तरी वीतभर अंतरापलीकडचे दिसत नाही अशा पाण्यात त्याला वास नाही. म्हणून पुराचे पाणी उतरत असताना घरच्या आमिषाची सरशी होते.

या घरच्या आमिषातही प्रांताप्रांताची चव असते. वर्धा जिल्हा कापसाचा, त्यामुळे येथे सरकीची ढेप हाताशी. गोठ्यात जनावरांसाठी आणलेली ढेप मूठभर घ्यावी, रात्रभर भिजवावी, तीत कणीक आणि तांदळाचा कोंडा मिसळून घट्ट मळावे. ढेपेला एक-दोन दिवस आंबू दिले तर वास अधिक उतरतो. अर्थात घरातील माणसांची सहनशीलता पाहूनच हे करावे. काही जण भाजून कुटलेली मेथी, ओवा किंवा बडीशेप घालतात. मोहाची सुकी फुले भिजवून त्यांचा गोड लगदा मिसळणारेही आहेत. गोळा पाण्यात लवकर विरघळू नये यासाठीची युक्ती मात्र खास आपल्या मुलखाला शोभणारी आहे: पिंजलेला कापूस थोडा थोडा तोडून कणकेत मळतात. तंतूंनी गोळा बांधला जातो आणि छोट्या माशांनी टोचले तरी गळावरून सुटत नाही.

गोळा किती घट्ट हवा, हे माशाच्या तोंडावर ठरते. मृगळ तळाशी चरणारा, रोहूच्या तोंडाची ठेवण खाली वळलेली. त्यांच्यासाठी घट्ट गोळी तळाजवळ ठेवावी. कतल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यासाठी भुसभुशीत, हळूहळू विरघळून पाण्यात ढग करणारा गोळा मध्यावर टांगावा लागतो. ‘रोहू लागतो, कतला लागत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

मोहाविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. फूल वेगळे आणि बी वेगळे. मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल काढल्यावर उरणाऱ्या ढेपेत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते कल्ल्यांतून माशाच्या रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडते. मत्स्यशेतीत बोटुकली सोडण्याआधी तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी हीच ढेप मुद्दाम वापरली जाते, आणि तिचे विष ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात. ‘चारा’ म्हणून ही ढेप किलो-किलोने लहान डोहात ओतणे म्हणजे मासेमारी नव्हे, विषप्रयोग आहे. पाण्यात विष कालवून वा स्फोट घडवून मासे मारण्यास ब्रिटिश अमदानीत, १८९७ साली झालेल्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली होती.

कणकेच्या खालोखाल मान गांडुळाचा. शेणखताच्या खड्ड्याकाठी खणले की हवी तितकी मिळतात. जाणते लोक ती लगेच वापरत नाहीत. ओल्या गवतात किंवा ओलसर पोत्यात एक दिवस ठेवली की पोटातील माती निघून जाते, कातडी चिवट होते आणि गळावर अधिक वेळ जिवंत राहतात. वाम आणि मागूर यांना यापरते दुसरे काही नको. शेतात नांगराखाली निघणारी हुमणी हेही उत्तम आमिष. पिकाची मुळे कुरतडणारी ही अळी निदान येथे तरी शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. ओल्या रानातील नाकतोडे आणि ओढ्यातील झिंगेही चालतात. पावाचा तुकडा सोपा खरा, पण त्याला बहुतेक वेळा तिलापियाच लागते, आणि ती लागली की आनंद कमी आणि चडफड जास्त होते.

ही विद्या आजची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांना एका जागी खाद्य टाकून सवय लावण्याची रीत, पिठाचे गोळे, तिळाची पेंड, मांसाचे तुकडे, गळ, दोरी, काठी यांचा त्यात ऊहापोह आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा राजाचे निरीक्षण किती बारीक होते हे अभ्यासकांच्या ध्यानात आले. डब्यात गोळा घेऊन धामेच्या काठी बसणारा मनुष्य हे पुस्तक वाचलेला नसतो. पण गळ टाकण्याच्या जागी आधी दोन दिवस मूठभर खाद्य टाकून यावे, हे त्यालाही ठाऊक असते.

कोजागिरीनंतर पाणी निवळू लागते आणि मग दुसऱ्या तटाची वेळ येते. आता मासा डोळ्यांनी शिकार करू शकतो. शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंनी कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी पार्श्वरेषा पाण्यातील बारीक कंपने टिपते. धातूचा वाकलेला चमचा ओढताना डुलतो, लकाकतो आणि जखमी मासोळीसारखी थरथर पाण्यात सोडतो. भिंगरीचे पाते तर फिरताना इतकी कंपने निर्माण करते की किंचित गढूळ पाण्यातही ती चालून जाते. अशा आमिषाला मरळ, शिंगाळा यांसारखे शिकारी मासे झेप घेतात. वनस्पती आणि शेवाळ यांवर जगणारा रोहू त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हे न कळल्याने पुष्कळांची पेटी एका हंगामात माळ्यावर जाते. प्रस्तुत लेखकाचीही गेली होती. त्यातील सर्वांत महाग मासोळी पहिल्याच फेकीत काठच्या बेशरमच्या झुडपात अडकली आणि अजून तेथेच असावी.

दुकानातील या मालाला हसणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्याचा जन्मही घरीच झाला आहे. जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि बुडताना त्यावर मासा झडप घालताना दिसला, म्हणून अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूएल याने चमच्याला गळ जोडला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, १८५२ मध्ये त्याने या आमिषाचे पेटंट घेतले होते. फिनलंडमधील लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार. मोठे मासे कळपातील लंगडत पोहणाऱ्या मासोळीवरच हल्ला करतात, हे त्याने हेरले. १९३६ मध्ये त्याने चांभारी सुरीने बुचाचे लाकूड कोरले, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून छायाचित्रांच्या वितळवलेल्या फिल्मचा थर दिला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या ‘रापाला’ची ही सुरुवात. तेव्हा जुन्या स्टीलच्या चमच्याचा दांडा कापून, दोन टोकांना भोके पाडून, कडीने गळ अडकवणाऱ्या आपल्याकडील पोराने न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. चमच्याच्या कडा कानशीने घासून घ्याव्यात, नाहीतर तंगूस कापला जातो.

आता या हंगामातील सर्वांत लोकप्रिय आमिषाविषयी, आणि त्याविषयीच थोडे कडवट बोलायचे आहे. ते म्हणजे रबरी बेडूक. पोकळ, मऊ अंगाचा हा बेडूक पाण्यावरून टुणटुण ओढत आणायचा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे शेवाळात, जलपर्णीत अडकत नाहीत. मरळीने जबडा आवळला की रबर दबते आणि गळ उघडे पडतात. पूर्वी यासाठी जिवंत बेडूक टोचत. बेडकांच्या संहारामुळे त्यांच्या पायांच्या निर्यातीवर देशाने १९८७ मध्ये बंदी घातली. त्या दृष्टीने रबरी बेडूक हा सुधारच म्हटला पाहिजे. पण तो कधी टाकला जातो, हे पाहावे.

मरळ पावसाळ्यात विते. अंड्यांतून निघालेली पिले नारिंगी-तांबड्या रंगाची असतात आणि शेकड्यांनी एकत्र, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरतात. हवेत श्वास घेण्यासाठी ती एकदम वर येतात तेव्हा पाणी बारीक उकळी फुटल्यासारखे दिसते. त्या उकळीखाली आई-बाप पहारा देत असतात. या काळात जवळून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर ते तुटून पडतात, ते भुकेने नव्हे. पिलांजवळ आलेला शत्रू हाकलण्यासाठी. काठावरच्या अनुभवी माणसाला ही उकळी लांबून दिसते. तो बरोबर तिच्या पलीकडे बेडूक टाकतो, पिलांमधून ओढून आणतो, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेकीत चार-चार किलोची मरळ काठावर येते. छायाचित्र काढले जाते, शाबासकी मिळते. इकडे पहारा उठलेला तांबडा पुंजका तासाभरात इतर माशांच्या, कासवांच्या आणि पाणसापांच्या तोंडी पडतो. एका माशापायी पुढच्या सालचे शेकडो मासे गेले.

या नुकसानीची झळ हौशी माणसाला लागत नाही. आपल्याकडील तलाव-जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. भोई, ढिवर, कहार समाजातील कुटुंबे पदरचे पैसे घालून रोहू-कतल्याचे बीज सोडतात. मरळ मात्र बहुधा आपोआप वाढलेली, आणि बाजारात जिवंत विकली जात असल्याने भावाला चढी. अशा तलावावर गळ टाकण्याआधी संस्थेला विचारणे हा साधा शिष्टाचार झाला. नदीकाठीही स्थानिक मच्छीमारांची जाळी कोठे लागली आहेत, हे आधी पाहावे. तुटलेला तंगूस काठावर फेकू नये. बगळ्यांच्या आणि पाणी प्यायला आलेल्या वासरांच्या पायांत तो गुंततो.

लहान मासा सोडायचा असेल तर गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. गळ सहज निघतो आणि स्वतःच्या बोटात घुसला तरी डॉक्टरकडे जावे लागत नाही. राहिला प्रश्न बेडकाचा. मरळीची पिले दीड-दोन इंचांची झाली की त्यांचा तांबडा रंग जातो, अंग मातकट हिरवट होते आणि पुंजका विखरू लागतो. तोवर बेडूक पेटीतच ठेवावा आणि ढेपेचा गोळा मळावा. धामेचे पाणी त्या सुमारास बहुधा निवळलेले असते.