डाव्या हाताचं जातं

दिवाळीत नातू जळगावला आला होता. बाहेर फटाके, आणि हा आपला मोबाइल माझ्या कानाशी धरून म्हणतो, "आजोबा, हे ऐका. बूगी-वूगी." नाव ऐकून मला हसूच आलं. वाजवणारे तिघंच होते. एक पियानोवर, एक माणसाहून उंच बास घेऊन उभा आणि एक ड्रमवर. पण ऐकता ऐकता माझी मान डोलू लागली.

पियानोवाल्याचा डावा हात एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत होता, जराही न थकता. उजवा हात त्यावर मनाला येईल तसा बागडत होता. मला माझ्या आईचं जातं आठवलं. हात एका लयीत फिरायचा आणि ओवी मात्र माहेरापासून पंढरपूरपर्यंत कुठंही जाऊन यायची. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

मग मी त्या संगीताच्या मागं लागलो. त्याची आई म्हणजे ब्लूज. चार चार मात्रांचे बहुधा बारा खंड, ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचं हे गाणं. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण वाट्यानं शेती करणाऱ्यांची मालकाच्या वहीतली बाकी संपेना. त्याआधी चार वर्षं तिथं यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. म्हणजे आपली आणि त्यांची सोयरीक जुनीच!

पुढं ही माणसं शिकागोसारख्या शहरांत पोटासाठी गेली. अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुईस हे बूगी-वूगीचे दोन मोठे वादक तिथं टॅक्सी चालवत. लुईसनं १९२७ साली आगगाडीवर एक रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यातला डावा हात ऐकला, तर भुसावळच्या माणसाला चाकांचा खडखडाट लगेच ओळखू येईल. २३ डिसेंबर १९३८ रोजी पीट जॉन्सनसह हे तिघं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला बसले आणि अमेरिकेला बूगी-वूगीचं वेड लागलं. जिमी यान्सी हा त्यांचा वडीलधारा. तो मात्र शिकागोत बेसबॉलच्या मैदानाची देखभाल करत राहिला. दिवसा गवत, संध्याकाळी पियानो. दिवसा लेजर आणि रात्री कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा माणूस फार जवळचा वाटला.

या संगीताचं गणगोत असलेला जॅझ आपल्याकडेही आला. टेडी वेदरफोर्ड हा शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असे. १९४५ साली तो कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. पण तोवर गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली होती. त्यांतलाच एक हळदोण्याचा अँटोनियो वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, ट्रंपेटवाला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी धरलं आणि भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला'त ते ठेके गावोगावी पोचले. त्या चित्रपटात चिक पडद्यावरही दिसतो. नाहीतर अशा कितीतरी वादकांची नावं कुठल्याच श्रेयनामावलीत आली नाहीत.

'अलबेला'ची चाल गावोगावी नेली ती लग्नातल्या बँडनं. इथं मला १९८८ साल आठवतं. मी तेव्हा धुळ्याला बँकेत अधिकारी होतो. दसऱ्याच्या सुमारास एक बँडवाला कर्जाचा अर्ज घेऊन आला. क्लॅरोनेट जुनं झालं होतं, नवं घ्यायला चार हजार हवे होते. अर्जात धंदा म्हणून त्यानं लिहिलं होतं : वाजंत्री.

"लग्नसराई सोडून काय करता?" मी विचारलं.

"बाकीना दिन कपाशी येचस, साहेब," तो म्हणाला. त्याच्या बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेली होती.

मी शेरा मारला : 'उत्पन्न अनियमित. शिफारस नाही.' नियम तसा होता असं म्हणता येईल, पण लेखणी माझी होती. अ‍ॅमन्स, लुईस किंवा यान्सी माझ्या टेबलासमोर बसले असते, तरी मी तोच शेरा मारला असता.

फाल्गुनात आमच्या गल्लीत एक वरात आली. पुढं तोच माणूस, तेच क्लॅरोनेट, फुटलेल्या ठिकाणी दोरा गुंडाळलेला. मला पाहून त्यानं मान लववली आणि 'अलबेला'ची चाल धरली. मागं ढोल एकाच ठेक्यावर फिरत होता आणि त्यावर क्लॅरोनेट बागडत होतं. पोरं नाचू लागली. मी दारातून आत गेलो.

परवा वादन संपल्यावर नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्ही असलं आधी कधी ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं, धुळ्यात," मी म्हणालो. वाजवणाऱ्याला चार हजार रुपये नाकारले होते, हे मात्र त्याला सांगवलं नाही. म्हणून इथं लिहितो आहे.