वजन आणि कस

एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदी, अशा आमच्या देवबागेंत सोनें हें केवळ शोभेचें नसतें. तो अडीअडचणीचा ठेवा असतो. म्हणूनच त्याच्या वाटणींतील चूक मनास फार लागते. तशी चूक आमच्या हातून घडली, ती वाचकांपुढें ठेवितों.

मातुःश्रींच्या पश्चात् त्यांच्या पाटल्यांचे दोन जोड आम्हीं दोघी सुनांस दिले. प्रत्येक जोड चार तोळ्यांचा; तराजूचा कांटा मध्यें स्थिरावला आणि न्याय झाला असें आम्हांस वाटलें. पुढें नातीच्या शिक्षणासाठीं धाकट्या सूनबाईंनीं आपला जोड मोडावयास नेला, तों तो १८ कॅरटचा निघाला. थोरलींनीं आपणहून आपला जोड तपासविला, तो २२ कॅरटचा भरला. चोवीस भागांपैकीं शुद्ध सोन्याचे जितके भाग, तितके कॅरट. म्हणजे एकीकडे शुद्ध सोनें तीन तोळे आठ मासे आणि दुसरीकडे तीनच तोळे! धाकटी एक शब्दही बोलली नाहीं. तेंच आम्हांस अधिक बोचलें.

वस्तुतः कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सोन्याचे सोळा वर्णक सांगून कसोटीचा विधिही दिला आहे. तें शिकलेल्या आम्हांस घरांतील सोन्याचा कस पाहण्याचें सुचलें नाहीं!

आतां नव्या दागिन्यापुरती सोय झाली आहे. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क मुद्रा सोन्यावर २००० सालीं आली आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली. तींत तीन गोष्टी पाहाव्या: ब्यूरोचें त्रिकोणी चिन्ह, कस, म्हणजे २२ कॅरटास ९१६ व १८ कॅरटास ७५० (हजारांत शुद्ध सोन्याचे इतके भाग), आणि अक्षरें व आंकडे मिळून सहा चिन्हांचा क्रमांक. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ह्या मोबाइल ॲपवर पडताळून पाहतां येतो. मुद्रेपेक्षां कस कमी भरल्यास फरकाच्या दुप्पट भरपाई मिळण्याचा नियम आहे; म्हणून पावती जपून ठेवावी.

परंतु आजीच्या पेटींतील दागिन्यांवर अशी मुद्रा कोठून असणार? ते वाटण्यापूर्वीं ब्यूरोच्या मान्यताप्राप्त केंद्रांत तपासून घ्यावे आणि वजनाशेजारीं कसही लिहून ठेवावा.

आमच्या घरीं थोरल्या सूनबाईंनीं चार माशांची किंमत धाकट्या जावेच्या हातीं ठेविली, तेव्हां वाटणी खरोखर सारखी झाली. पाटल्यांचा कस आम्हांस उशिरां कळला. सुनेचा मात्र त्याच दिवशीं कळला.