डोक्याला मार लागलेला गडी पुन्हा मैदानात नको

कापसाची वेचणी सरत आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत कबड्डीची मैदानं आखली जातात. चुन्याच्या रेषा, कोपऱ्यांवर हॅलोजनचे दिवे, टेबलावर मांडलेले चषक आणि मैदानाला चारी बाजूंनी चिकटून बसलेली माणसं. पुसद-उमरखेडपासून वणी-मारेगावपर्यंत हे चित्र फारसं बदलत नाही. सामना गावातला असला तरी बसलेल्यांची चर्चा थेट इराणपर्यंत पोचते. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला उपांत्य फेरीत २७-१८ असं हरवलं, तेव्हा आपले कोपरारक्षक कुठे चुकले? २०२३ मध्ये हांगझोऊच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना कर्णधार पवन सेहरावतने केलेल्या चढाईवर लॉबीच्या नियमावरून वाद झाला आणि सामना बराच वेळ खोळंबला. त्यात न्याय कोणाच्या बाजूने होता? शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्ण जिंकलं. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदेही होते. पण इराणची साखळी पकड कशी फोडायची, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०२६ ची आशियाई स्पर्धा जपानमधल्या आयची-नागोयाची. तिथे काय होईल, यावर शेकोटीभोवती रात्र सरते.

या प्रेक्षकांची नजर तयार असते. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला की नाही, मागचा पाय उचललेला होता की नाही, हे त्यांना पंचांच्याही आधी दिसतं. एका गोष्टीकडे मात्र ही नजर सवयीने काणाडोळा करते. पकडीत दोन गड्यांची डोकी आदळतात. एक जण जमिनीवर बसून राहतो, डोळे शून्यात. कोणीतरी तोंडावर पाणी मारतं, "काही नाही झालं बे, ऊठ!" म्हणतं. तो उठतो, जरा झोकांडतो, मान झटकतो आणि परत आपल्या जागी उभा राहतो. टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात. जिगरबाज गडी!

याच क्षणी त्या गड्याला सर्वांत जास्त धोका असतो.

हादरा म्हणजे नेमकं काय?

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा आणि मऊ असतो. कवटीच्या आत तो पातळ द्रवात तरंगतो. रोजच्या धक्क्यांपासून हा द्रव त्याला जपतो. पण डोकं जोरात आदळलं किंवा मानेला झटका बसून डोकं वेगाने फिरलं, तर कवटी थांबते आणि आतला मेंदू मात्र क्षणभर पुढे सरकतो, पिळवटतो. त्यात मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात. म्हणजे हादरा बसायला डोक्यालाच मार लागला पाहिजे असं नाही. पाठीवर जोरात आपटल्यानेही तो बसू शकतो.

या ताणामुळे पेशींचं रसायन विस्कटतं. पोटॅशियम पेशींबाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा पसारा आवरायला पेशींना जास्त ग्लुकोज लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी ही ओढाताण काही दिवस चालते. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. साध्या मराठीत, मेंदूला बसलेला हादरा.

यातल्या दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, हादरा बसलेल्या बहुतेक खेळाडूंची शुद्ध हरपत नाही. "बेशुद्ध तर नव्हता पडला ना?" हा प्रश्न म्हणूनच पुरेसा नाही. दुसरी, केवळ हादरा असेल तर सीटी स्कॅन स्वच्छ येतो. बिघाड पेशींच्या कामात असतो आणि तो स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन काढतात तो आत रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं नाही ना, हे पाहायला. "फोटो चांगला आला, उद्या खेळ" हा हिशेब चुकीचा आहे.

कबड्डीत असे प्रसंग घडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कोपरारक्षक घोटा पकडायला झेपावतो तेव्हा त्याचं डोकं चढाईपटूच्या गुडघ्याच्या आणि टाचेच्या उंचीवर येतं. साखळी करून दोघे एकाच गड्यावर तुटून पडतात तेव्हा त्यांचीच डोकी एकमेकांवर आदळतात. धडक देऊन चढाईपटूला मागे फेकलं की त्याच्या डोक्याची मागची बाजू जमिनीवर बसते. मॅटवर हा मार थोडा सौम्य होतो. उन्हाने टणक झालेल्या मैदानावर तसा काही आधार नसतो.

रग्बीने शिकलेला धडा

अंगाला अंग भिडवून खेळण्याच्या खेळांत जगभर गाजणारा खेळ म्हणजे रग्बी. २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा तो आपल्याकडच्या अनेकांनी टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला. तिथेही पूर्वी हेच चालायचं. डोक्याला लागूनही खेळत राहणारा तो खरा मर्द.

२०१२ मध्ये या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला ५ मिनिटं बाहेर घेऊन तपासण्याची पद्धत प्रायोगिक तत्त्वावर आणली. आयर्लंडचे माजी खेळाडू आणि डॉक्टर बॅरी ओड्रिस्कॉल यांना हे मान्य नव्हतं. पाच मिनिटांत मेंदूचा निवाडा करता येत नाही, या भूमिकेवरून ते संघटनेच्या वैद्यकीय समितीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी सिडनीत ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटिश-आयरिश लायन्स यांच्यातल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज स्मिथ डोकं आदळून लटपटत बाहेर गेला आणि काही मिनिटांत परत खेळायला आला. सारं जग टीव्हीवर पाहत होतं. प्रेक्षक, पत्रकार आणि डॉक्टर यांनी त्यावर जाब विचारला.

त्यानंतर नियम कडक होत गेले. आज वरच्या पातळीच्या रग्बीत शंका असलेल्या खेळाडूला १२ मिनिटं बाहेर नेऊन तपासतात आणि तेवढ्यापुरता बदली खेळाडू देतात. शुद्ध हरपणं, तोल जाणं अशी उघड लक्षणं दिसली, तर तपासणीचाही प्रश्न उरत नाही. त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपतो. २०२४ पासून वरच्या स्तरावर दातांच्या कवचात संवेदक बसवून डोक्याला बसणारा झटका मोजला जातो.

ही सावधगिरी कशासाठी, याचं उत्तर इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसनकडे आहे. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला हा खेळाडू. २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने जाहीरपणे सांगितलं की त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे आणि तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. इथे एक खुलासा हवा. एखाद्या हादऱ्याने कोणाला स्मृतिभ्रंश होत नाही. नीट विश्रांती मिळाली तर बहुतेक खेळाडू पूर्ण बरे होतात. काळजी आहे ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बसणाऱ्या माराची.

त्याहून तातडीचा धोका वेगळा आहे. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येते आणि जीव जातो. हे प्रामुख्याने किशोरवयीन मुलांत दिसतं. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधला १४ वर्षांचा एक शाळकरी रग्बी खेळाडू असाच दगावला. सामन्यात हादरा बसूनही तो खेळत राहिला होता. आपल्याकडे शालेय कबड्डी स्पर्धांत खेळणारी मुलं याच वयाची असतात.

मैदानाच्या कडेला काय पाहावं?

यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. बोनस रेषा पाहणारी नजर पुरेशी आहे. मार लागल्यानंतर गडी काही क्षण निपचित पडला, उठताना झोकांडला, हात डोक्याला लावून बसून राहिला, शून्यात पाहू लागला, आपली जागा विसरला, एकच प्रश्न परत परत विचारू लागला, तर हादरा बसला असं धरून चालावं. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, धूसर दिसणं, उजेड किंवा आवाज नकोसा होणं, उगाच चिडचिड किंवा रडू येणं, हीही लक्षणंच. काही वेळा ती काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उमटतात.

रग्बीच्या मैदानावर विचारतात तसे साधे प्रश्न इथेही विचारता येतात. आज आपण कोणत्या गावात खेळतोय? पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी होता? तो आपण जिंकलो की हरलो? एकही उत्तर चुकलं किंवा अडखळलं, तर गडी बाहेर. सगळी उत्तरं बरोबर आली तरी वरची लक्षणं असतील, तरीही बाहेरच. शंका आली की बाहेर, इतका हा नियम सोपा आहे. कबड्डीच्या संघात १२ जण असतात. त्यातले ५ राखीव असतात ते अशा वेळेसाठीच.

काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. पडलेल्या गड्याला गदागदा हलवू नये, हाताला धरून ओढत उभं करू नये. मानेला इजा असू शकते. मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात असं तो म्हणाला, तर त्याला तिथेच स्थिर ठेवून मदत बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. झटके आले तर कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नये, तोंडात काही कोंबू नये. मान आणि धड एका रेषेत ठेवून सावकाश कुशीवर वळवावं.

काही लक्षणं दिसली तर एक मिनिटही दवडू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, झटके, हातापायातली शक्ती जाणं, बोलण्यात अडखळणं, दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणं. कानशिलाजवळच्या हाडाखालची रक्तवाहिनी फाटली तर माणूस सुरुवातीला व्यवस्थित बोलतो, चहाही पितो आणि काही तासांनी गुंगीत जातो. तोवर कवटीत रक्त साचून मेंदूवर दाब आलेला असतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असा रुग्ण वाचतो. जिल्हा लांबलचक आहे, टोकाच्या तालुक्यातून यवतमाळला यायला सहज दोन तास लागतात. "सकाळी पाहू" म्हणण्याइतका वेळ हाताशी नसतो. १०८ ला फोन करावा.

अशी लक्षणं नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं आणि पुढचे २४ तास सोबत कोणीतरी जाणतं माणूस असावं. दुचाकी चालवू देऊ नये. सामन्यानंतरच्या पार्टीत दारू तर मुळीच नको. तिच्या गुंगीत खऱ्या धोक्याची गुंगी झाकली जाते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपायला हरकत नाही. झोप मेंदूला हवीच असते.

परत कधी खेळायचं?

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल आणि टीव्ही कमीत कमी. मग हळूहळू चालणं, शाळा किंवा काम, त्यानंतर हलकं धावणं, मग अंगाशी न भिडता सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यावा आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे यावं. प्रौढ सहसा दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागू शकतात. ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळाडूंसाठी काढलेल्या मार्गदर्शनानुसार हादऱ्यानंतर किमान २१ दिवस स्पर्धेत उतरायचं नाही. ज्या मैदानावर डॉक्टर नसतो, तिथे हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे.

आपल्या गावात मात्र स्पर्धा दोन-तीन दिवसांत आटोपते. शुक्रवारी मार लागलेल्या गड्याला रविवारी अंतिम सामना खेळायचा असतो. गावाची इज्जत, बक्षिसाची रक्कम आणि "तू नसशील तर हरू" म्हणणारे मित्र, सगळे एका बाजूला असतात. अशा वेळी त्या पोराने स्वतःहून "मला चक्कर येते" म्हणावं ही अपेक्षाच अवघड आहे. तो निर्णय दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवा. आयोजकांनी सामन्यांआधी माइकवरून जाहीर करावं की डोक्याला मार लागलेला गडी त्या स्पर्धेत पुन्हा उतरणार नाही. पंचांनी ते पाळावं, प्रशिक्षकाने राखीव गडी आधीच तयार ठेवावा. आणि मार लागलेला गडी बाहेर निघाला की प्रेक्षकांनी "भ्याला" असं ओरडू नये. पुढचा हंगाम खेळायला तो आणि त्याची आठवण दोन्ही शाबूत राहायला हवेत.