पडद्यावर क्वचित दिसणारा प्राचीन काळ आणि त्याचा वेष

भारतीय पोशाखी चित्रपट आणि मालिका यांचा ओढा प्रामुख्याने मोगल, राजपूत आणि मराठा काळाकडे राहिला आहे. तथापि बुद्धकाळ, मौर्यकाळ वा गुप्तकाळ यांनी झपाटलेला एक छोटा रसिकवर्गही आहे. दूरदर्शनवरील ‘चाणक्य’ (१९९१) किंवा ‘उत्सव’ (१९८४) हा वर्ग पुन:पुन्हा पाहतो आणि कथेइतकेच लक्ष उत्तरीयाच्या चुण्यांकडे देतो.

हे कालखंड पडद्यावर कमी येण्याचे एक कारण साधनांची टंचाई हे होय. मोगल काळाची लघुचित्रे उपलब्ध आहेत; त्या परंपरेतील जामे वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. मौर्यकाळातील राजवस्त्र मात्र एकही उरलेले नाही. भरहूत, सांची येथील नंतरच्या शिल्पांवरून अंतरीय, उत्तरीय आणि कायबंध नेसण्याची पद्धत कळते. परंतु दगड आज कापडाचा रंग सांगत नाही, पोतही सांगत नाही.

‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याची वेषभूषा कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी केली होती. ‘गांधी’साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या त्या याच. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतला. आता आम्रपाली ही वैशालीची गणिका बुद्धाची समकालीन, तर अजिंठ्यातील बहुतांश चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक काळातील. म्हणजे अंतर सुमारे हजार वर्षांचे! चोखंदळ प्रेक्षक यावर बोट ठेवतात आणि ते योग्यही आहे. पण बुद्धकाळातील मानवी शिल्पे जवळपास नाहीतच, आणि भरहूतही त्यानंतर काही शतकांनी घडले. पर्याय कोणता होता, हा प्रश्न उरतोच. खरी अडचण पुढे आली. चित्रपटातील वेष इतका देखणा ठरला, की कोणत्याही प्राचीन काळातील स्त्री तशीच दिसत असावी, असा समज रूढ झाला.

सातवाहन काळाबाबत मात्र साधने नाहीत असे म्हणता येणार नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दांपत्यशिल्पे आहेत. पुरुषांची पागोटी, स्त्रियांच्या रुंद मेखला आणि जाड तोडे त्यांत स्पष्ट दिसतात. गौतमीपुत्र सातकर्णीवर भव्य चित्रपट निघाला तो २०१७ मध्ये, तेलुगू भाषेत. कार्ले लेणी मुंबई-पुणे मार्गावर, लोणावळ्यानजीक आहेत.