बॅजखालची गाडी

बालाघाटच्या छोट्या लाईनवर धावलेल्या डिझेल इंजिनांवर ‘झेडडीएम’ ही अक्षरं असत. झेड म्हणजे 762 मिलिमीटर रुंदीचे रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. इंजिन कुठल्या रुळांचं, हे पहिलं अक्षरच सांगे. जुन्या आलिशान अमेरिकन मोटारींची खरी प्रतवारीही अशाच एका अक्षरात आहे. ते गाडीवर मिरवत नाही, इतकंच.

शेव्हरले, पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक, कॅडिलॅक ही जनरल मोटर्सची पाच नावं. त्यांच्या बॉड्या बनवणारी फिशर बॉडी 1926 मध्ये पूर्णपणे जनरल मोटर्सच्या मालकीची झाली. बॉड्यांना ए, बी, सी, डी अशी चढती अक्षरं मिळाली. 1950 सालची शेव्हरले ‘ए’. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 115 इंच. कॅडिलॅक सीरिज 62 ही ‘सी’, अंतर 126 इंच. लिमुझिनच्या थाटाची सीरिज 75 ही ‘डी’. अंतर पावणे एकशे सत्तेचाळीस इंच. त्या वाढीव लांबीत मागच्या सीटपुढे घडीच्या जादा खुर्च्या मावत.

ब्यूकची रोडमास्टरही ‘सी’च. कॅडिलॅकशी तिचं नातं बॉडीच्या मूळ सांगाड्याचं; जाळी, क्रोमच्या पट्ट्या, मागचे दिवे मात्र स्वतःचे. बॉनेट उघडलं की फरक आणखी ठळक होतो: कॅडिलॅकमध्ये व्ही-8, तर रोडमास्टरमध्ये एका रांगेत आठ सिलिंडर. म्हणजे ‘सी’ हे अक्षर बॉडीबद्दल बोलतं, इंजिनाबद्दल नाही.

मुंबईने हा हिशेब जवळून पाहिला. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात गाड्या जुळवल्या. इथे तर डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या तिन्ही मुळात प्लिमथच्याच बॉडीच्या. जाळी आणि बॅज बदलला की नाव बदलायचं. ट्रकचंही तसंच: डॉज, डिसोटो, फार्गो. पुढे परदेशी सुटे भाग नुसते जोडणाऱ्यांना सरकारी धोरणाने आळा घातला. 1954 मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. देशी उत्पादनाच्या वाटेने गेलेली प्रीमियर टिकली आणि फियाटकडे वळली.

आज अशी गाडी पुन्हा उभी करणाऱ्याला हे ज्ञान रोज लागतं. किंग्जवेचा दरवाजा गंजून गेला, तर सॅव्हॉयचा चालण्याची आशा असते. त्याच डॉज घराण्यातली अमेरिकेत विकलेली मोठी कोरोनेट मात्र उपयोगी पडत नाही, कारण बॉडीच वेगळी. नावावर भरवसा ठेवून भाग मागवला, तर पैसे वाया जातात.

म्हणून जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात गाडीपुढच्या पाटीवर कंपनी, मॉडेल आणि साल एवढंच लिहून भागू नये. बॉडी कुठली आणि जुळणी कुठे झाली, हेही लिहावं. त्या दोन ओळींमुळे पाहणाऱ्याला गाडीची खरी भावंडं कळतील, आणि शिवडी-कुर्ल्याच्या कामगारांचं काम गाडीच्या इतिहासात नोंदलं जाईल.